खासबागेतली शेवटची रांग

नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते. कुस्तीच्या मैदानाचे परीक्षण मात्र कोणी लिहिल्याचे फारसे ऐकिवात नाही. कुस्ती निकाली झाली की फेटे उडतात, हलगी कडाडते, आणि थोड्या वेळाने माणसे अंगावरची धूळ झटकून घरी जातात. ज्या जागेने त्यांना हे सारे दाखविले, ती जागा कोणाच्याच लेखी नसते. कोल्हापुरात एक नाट्यगृह आणि एक कुस्तीचे मैदान पाठीला पाठ लावून उभे आहे. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनीच उभारलेली; मैदान १९१२ सालचे, नाट्यगृह १९१५ सालचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, आणि ते योग्यच होते. पण शेजारच्या खासबाग मैदानाकडेही कलाकृतीकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे, असे मला ते पाहून आल्यापासून वाटत आहे.

आमच्या कळसाडीकडचा माणूस खासबागेत गेला की प्रथम त्याला आपली जत्रा आठवते. जत्रेतल्या कुस्तीला मैदान असे नसतेच. माणसांचे कडे हेच मैदान. पुढचे बसतात, मधले उकिडवे होतात, मागचे टाचा उंचावतात, आणि त्यांच्याही मागे असलेल्या पोराला दिसतात ती फक्त मोठ्यांची पाठ आणि मधूनच उडणारी माती. ते पोर कुस्ती पाहत नाही, ऐकते. लोक ओरडले म्हणजे कोणीतरी पडला, एवढेच त्याला कळते. कोण पडला आणि कोणत्या डावाने, हे घरी जाताना वाटेत विचारावे लागते.

खासबागेत हा प्रश्नच उरत नाही. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, आणि त्याच्या भोवती बसण्याच्या जागा मागे मागे उंच होत गेलेल्या. मैदान रिकामे असताना मी मुद्दाम सर्वांत वरच्या रांगेत जाऊन बसलो. मध्ये ना खांब, ना भिंत. हौद्यातल्या पैलवानाने पट काढला की ढाक लावली, हे तिथूनही डोळ्यांना कळावे, अशीच ती बांधणी आहे. लेखकाला हेवा वाटावा असा हा गुण आहे. आपण पुस्तके लिहितो ती बहुधा पुढच्या रांगेतल्या जाणकारांसाठी. मागच्या माणसाला त्यातले काय दिसते, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि तिथून या मैदानाची कल्पना घेतली, असे सांगतात. तसे असेल तर त्यांनी घेतले काय आणि टाकले काय, हे पाहण्यासारखे आहे. रोमच्या त्या वर्तुळात माणसे आणि जनावरे मरताना लोक पाहत असत. महाराजांनी ते मरण तिथेच ठेवले, आणि आणली ती फक्त सर्वांना दिसेल अशी बैठक. खासबागेच्या उद्घाटनाला गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची जोड लागली. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. हरलेला माणूस उठून चालत घरी जातो. आणखी एक मौज पाहा. त्याच १९०२ साली, २६ जुलैला, करवीर संस्थानात नोकरीच्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम निघाला. मैदान आणि हुकूम या दोहोंत मला एकच हात दिसतो. दोन्हींत विचार आहे तो मागे राहिलेल्या माणसाचा.

जपानातही मातीची कुस्ती आहे, तिला सुमो म्हणतात. तिचा आखाडा म्हणजे मातीचा उंच चौथरा, आणि त्यावर देवळासारखे छप्पर. पूर्वी ते छप्पर चार खांबांवर उभे असे. खांबांमुळे लोकांना नीट दिसत नाही, म्हणून १९५२ साली ते काढले आणि छप्पर वरून टांगले. खांबांच्या जागी चार रंगांचे गोंडे आले. परंपरेला एवढा जपणारा देश, पण प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी त्यानेही देवळाचे खांब हलविले.

तथापि त्याच चौथऱ्यावर स्त्रीने पाय ठेवायचा नाही, हा नियम हलला नाही. २००० साली ओसाकाच्या राज्यपाल एक बाई होत्या. चौथऱ्यावर चढून बक्षीस देण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. २०१८ साली एका गावचा नगराध्यक्ष चौथऱ्यावर कोसळला, आणि त्याचा जीव वाचवायला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगण्यात आले. त्याबद्दल पुढे माफी मागितली गेली, पण नियम राहिला.

जपानला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. हौद्यात बाईने उतरू नये, असे मानणाऱ्या तालमी आपल्याकडेही होत्याच. मुलींच्या कुस्तीला खरा आधार दिला तो गादीने. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती २००४ साली आली; महाराष्ट्र केसरीची सुरुवात १९६१ सालची, पण पहिली महिला महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडले. त्या वर्षी सांगलीत प्रतीक्षा बागडी हिने तो मान मिळविला. मधली बासष्ट वर्षे आपल्या मुली कुठे बसल्या होत्या? शेवटच्या रांगेतसुद्धा नाही; बहुधा घरी, भाकरीच्या तव्यापाशी.

म्हणून खासबागेचे परीक्षण करायचे तर माझा अभिप्राय असा: बांधणी पैकीच्या पैकी गुणांची, आणि ऊन-पावसाला आडोसा नाही एवढ्यासाठी काय ते दोन गुण कमी. पण उणीव खरी तर दगडामातीत नाहीच. ती बसणाऱ्यांत आहे. बांधणाऱ्याने सर्वांना दिसेल अशी जागा केली. सर्वांना तिथे आणण्याचे काम त्याने आपल्यावर सोडले, आणि ते आपण अर्धेच केले.

दिवाळीच्या सुटीत वाचकांपैकी पुष्कळजण अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातील. देवळापासून खासबाग दूर नाही. बरोबर लेक असेल तर तिला घेऊन सर्वांत वरच्या रांगेत जा, आणि तिथून काय काय दिसते ते तिलाच विचारा. आमच्या वर्गातल्या मुलींचा अनुभव असा की, एकदा नीट दिसले की त्या पुढचा प्रश्न आपणहून विचारतात: खाली उतरायची वाट कोणती?