सोप्रानो सॅक्सोफोन, वक्र
बेल्जियन वाद्यकार आदोल्फ साक्स याने १८४६ मध्ये पॅरिस येथे एकस्व घेतलेल्या सॅक्सोफोन कुलातील एक उच्च स्वरी सुषिर वाद्य. सोप्रानो सॅक्सोफोन बहुधा सरळ असतो. वक्र प्रकारात तीच शंकूच्या आकाराची नळी खालून वळवून कर्ण्याचे तोंड वर आणलेले असते. त्यामुळे तो ऑल्टो सॅक्सोफोनची लहान प्रतिकृती वाटतो. १९२० च्या दशकात कॉन, ब्यूशर इ. अमेरिकन उत्पादक दोन्ही प्रकार बनवीत.

वक्र वाद्याचा नाद मृदू व सरळ वाद्याचा धारदार, अशी वादकांत समजूत आढळते. ध्वनिशास्त्राचा तिला फारसा आधार नाही. नादाची घडण मुख्यतः वायुस्तंभाची लांबी व शंकूचा उतार यांवर अवलंबून असते. नळीच्या वळणाचा परिणाम अल्पच. तोंडात धरावयाचा भाग, वेताची पत्ती आणि वादकाचे ओठ यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. कर्णा वर वळल्याने वादकाला स्वतःचे खालचे स्वर निराळे ऐकू येतात, हे मात्र खरे. (वरचे बहुतेक स्वर कर्ण्यातून नव्हे, तर उघड्या छिद्रांतून बाहेर पडतात.)

जॅझमध्ये प्रतिष्ठा मिळाली ती सरळ वाद्याला. न्यू ऑर्लीन्सचा सिडनी बेशे (१८९७–१९५९) याने शिकागोत वक्र वाद्य हाताळून पाहिले. ते त्याला रुचले नाही. पुढे लंडनमध्ये घेतलेल्या सरळ वाद्यावर त्याने रुंद कंपाची आपली आवेगपूर्ण शैली घडविली. जॉन कोल्ट्रेन (१९२६–६७) याचे ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ (ध्वनिमुद्रण १९६०) हेही सरळ वाद्यावरचेच.

वक्र वाद्याला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले ते नॉर्वेच्या यान गार्बारेक (१९४७– ) याने. त्याचा नाद मृदू मुळीच नाही. तो गुराख्याच्या हाकेसारखा तीक्ष्ण व दूरवर जाणारा आहे. मृदुतेच्या समजुतीला याहून चोख उत्तर नसावे. हिलियर्ड एन्सेम्बल या चार पुरुष गायकांच्या वृंदासह ऑस्ट्रियातील मठात ध्वनिमुद्रित केलेल्या ‘ऑफिसियम’मध्ये (१९९४) मोरालेस या सोळाव्या शतकातील स्पॅनिश रचनाकाराच्या बहुस्वनी गायनावर त्याचे उत्स्फूर्त वादन पाचव्या गायकासारखे तरंगते. कोठे थांबावे याची त्याची जाण येथे विलक्षण आहे. तथापि दीर्घ प्रतिध्वनीच्या आश्रयाने काही ठिकाणी कल्पनेचे दारिद्र्यही झाकले जाते, हे नाकारता येत नाही. झाकिर हुसेन (१९५१–२०२४), हरिप्रसाद चौरसिया व जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासमवेतच्या ‘मेकिंग म्यूझिक’मध्ये (१९८७) तबल्याची लय त्याला असा आश्रय देत नाही, तेथे त्याची स्वरवाक्ये आखूड होतात व प्रत्येक स्वराला जबाबदारी येते.