लोखंडाला जाग आणणारे सान्निध्य

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचे, म्हणजे देहाचे, वर्णन करताना ज्ञानदेव चेतनेपाशी येतात. जड देहात हालचाल कुठून येते? उत्तरादाखल ते दृष्टान्तांची रांगच लावतात. राजा आपल्या सैन्यातल्या माणसांना ओळखतही नाही, तरी त्याची नुसती आज्ञा परचक्र जिंकते. चंद्र पूर्ण झाला की समुद्राला भरती येते. लोहचुंबक जवळ असला की लोखंड सचेतन होते. सूर्याच्या संगतीने माणसे कामाला लागतात. आणि कासवी पिलांना तोंड न लावता नजरेनेच पोसते.

या रांगेत राजाचा दृष्टान्त मला सर्वांत उणा वाटतो. आज्ञेमागे धाक असतो. कासवीचा सर्वांत मायेचा. पण खरी नवलाई चुंबकाची. इथे तो लोखंडाला नुसते ओढत नाही, त्यात जीव आणतो. १२९० च्या सुमारास नेवाशात हे सुचावे, याचे अप्रूप भौतिकशास्त्र शिकलेल्याला अधिकच वाटेल. लोखंडात चुंबकत्वाचे सूक्ष्म प्रदेश आधीपासूनच असतात, पण त्यांची तोंडे भलतीकडे असल्याने ते एकमेकांचा प्रभाव मारून टाकतात. चुंबक जवळ आला की ते एका दिशेला लागतात, खिळा स्वतःच चुंबक होतो आणि मगच ओढला जातो. त्या खिळ्याच्या टोकाशी टाचणी न्या, ती त्याला चिकटते. चुंबक दूर केला की मऊ लोखंडाचा खिळा बहुतेक सारे विसरतो. पोलाद मात्र मिळालेले धरून ठेवते. तांब्याच्या तारेला यातले काहीच जाणवत नाही.

माणसाच्या आकर्षणाचेही असेच असते, पण त्याविषयी बोलताना आपण रूप, वाणी, रुबाब मोजत बसतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली जे घडले, ते या मोजमापात बसत नाही. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. ऐकणारे कैदी, बोलणाराही कैदी. देण्यासारखे पद नाही की बक्षीस नाही. २० मार्चच्या पाचव्या प्रवचनात विनोबा सूर्याकडे वळले: तो अंधार घालवतो, पण आपण काही केले हे त्याच्या गावीही नसते. ज्ञानदेवांच्या रांगेतलाच हा सूर्य. आणि तिथे बसलेल्यांपुढे विनोबांच्या रूपाने त्या सूर्याचा दाखलाच बोलत होता.

ही प्रवचने टिपून घेत होते साने गुरुजी. कोकणातल्या पालगडचा हा माणूस अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि खानदेशाचाच होऊन गेला. वसतिगृहातल्या मुलांना त्यांनी जीव लावला तो लाजऱ्या, हळव्या स्वभावानिशी. दरारा त्यांच्या स्वभावातच नव्हता. म्हणजे लोखंडातल्यासारखे आतले प्रदेश होतेच. विनोबांच्या सहवासात ते एका दिशेला लागले, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, आणि त्या पुस्तकाने किती घरांतल्या पोरांना आपल्या आईकडे नव्याने पाहायला लावले! खिळ्याला टाचणी लागावी, तसे.

एका ठिकाणी मात्र निसर्ग दृष्टान्ताच्या पुढे जातो. ज्ञानदेवांना साक्षी आत्मा दाखवायचा आहे, म्हणून त्यांचा चुंबक अलिप्त राहतो आणि हलते ते लोखंडच. प्रत्यक्षात लोखंडही चुंबकाला तेवढ्याच बळाने ओढत असते. चुंबक जड असला किंवा धरून ठेवलेला असला तर ते दिसत नाही, इतकेच. धुळ्यात ते दिसले. विनोबा बोलून मोकळे झाले असते आणि ती अठरा प्रवचने तुरुंगाच्या भिंतींतच विरली असती. साने गुरुजींच्या लेखणीने ती धरून ठेवली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि भारतातल्या कितीतरी भाषांत गेले.