धांवणारा आणि थांबणारे

आषाढ लागून पन्हाळ्यावर धुकें उतरलें, कीं कोल्हापुरांतील व बाहेरगांवचीं शेंकडों माणसें पाठीवर पिशवी अडकवून पावनखिंडीच्या वाटेला लागतात. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला वंदन करून निघावें, मसाईचें पठार ओलांडावें, वाटेंतील एखाद्या वाडीवर मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशीं खिंडींत उतरून माथा टेकावा, असा हा क्रम. या चालणारांत अलीकडे एक निराळा वर्ग मिसळूं लागला आहे. त्याच्या पायांत हलके बूट असतात, छातीशीं पाण्याच्या मऊ बाटल्या असतात, आणि नजर वारंवार मनगटावरील घड्याळाकडे वळते. या मंडळींना खिंड हें यात्रेचें ठिकाण नसून सरावाची वाट असते. त्यांच्या बोलण्यांत 'शंभर मैल' हे दोन शब्द अशा भक्तीनें येतात, कीं ऐकणाराला पंढरपुराची आठवण व्हावी.

शंभर मैल म्हणजे सुमारें १६१ किलोमीटर. कोल्हापुराहून निघून सातारा मागें टाकावा एवढें हें अंतर. परंतु तें हमरस्त्यानें नव्हे, तर डोंगरांतील पायवाटेनें, चढउतारांसकट, आणि रात्र आडवी आली तरी वाट न सोडतां काटावयाचें. या खेळाचा जन्महि मोठा मौजेचा आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, सिएरा नेवाडा पर्वतांतून, शंभर मैलांची घोड्यांची शर्यत होत असे. गॉर्डी एन्सली नांवाच्या स्वाराचा घोडा एका वर्षीं लंगडला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. पुढच्या वर्षीं, म्हणजे १९७४ सालीं, तो घोड्यावांचूनच त्या शर्यतींत उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायीं पोंचला. त्यांतून 'वेस्टर्न स्टेट्स' ही धांवण्याची शर्यत उभी राहिली. आज तिला ३० तासांची मुदत असते, आणि २४ तासांच्या आंत येणाराला रुपेरी बक्कल मिळतें. ठराविक ठाण्यांवर घरच्या माणसांनीं अन्न, कोरडे मोजे आणि दिवा घेऊन उभें राहावें, आणि सुमारें ६२ मैलांनंतर एका सोबत्यानें बरोबर धांवावें, अशी तेथें मुभा आहे. आल्प्स पर्वतांत माँ ब्लांभोंवतीं २००३ पासून होणाऱ्या शर्यतींतहि घरच्यांनीं कोठें मदत करावी, हें नेमून दिलेलें असतें. खेळ एकट्या माणसाचा, पण त्याच्या नियमांतच कुटुंबासाठीं जागा आंखून ठेवलेली, असा हा विलक्षण प्रकार आहे.

मला येथें या खेळाचा नव्हे, तर त्यानें निर्माण केलेल्या वाङ्मयाचा विचार करावयाचा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर इंग्रजींत पुस्तकांची मोठी भर पडली असून आपल्याकडील तरुण तीं हौसेनें वाचतात. तीं वाचतांना माझ्या मनांत एकच प्रश्न पुनःपुन्हां येतो : नियमांत कुटुंबाला जी जागा मिळाली, ती पुस्तकांत मिळाली आहे काय?

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचें धांवण्यावरील आत्मपर पुस्तक २००७ सालीं प्रसिद्ध झालें. सारोमा सरोवराच्या कांठीं १९९६ सालीं त्यांनीं १०० किलोमीटरची धांव ११ तास ४२ मिनिटांत पुरी केली. तिचें वर्णन त्यांत आहे. तें अत्यंत प्रामाणिक आहे. दुखणाऱ्या शरीराला 'तूं केवळ यंत्र आहेस' असें पढवीत पुढें नेणारा माणूस त्यांत डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ही कथा जवळजवळ एकट्या माणसाची आहे, आणि लेखकाला ती तशीच हवी आहे. एकांत हाच ज्याचा विषय, त्याला सोबतीचा हिशेब विचारणें अन्यायाचें होईल. या पुस्तकाचा दोष काढतां येत नाहीं. त्याची मर्यादा मात्र दाखवितां येते.

स्कॉट जुरेक यांची गोष्ट निराळी आहे. १९९९ ते २००५ अशीं सलग सात वर्षें 'वेस्टर्न स्टेट्स' जिंकणारा हा धांवपटू. त्यांचें २०१२ सालचें 'ईट अँड रन' हें पुस्तक शाकाहार आणि धांवणें यांची सांगड घालतें. प्रकरणांच्या जोडीला त्यांत पाककृति दिलेल्या आहेत. पाककृति पाहून कित्येक टीकाकार हंसतील. मला तर तोच भाग मोलाचा वाटला. आईच्या दुर्धर आजारामुळें लहानपणींच ज्याला घरकामांत हात घालावा लागला, त्या मुलाच्या धांवण्याचें मूळ स्वयंपाकघरांत सांपडतें, हें त्या पाककृति न बोलतां सांगतात. पायांमागें चूल असते, ही गोष्ट ज्या पुस्तकानें ओळखली, त्यानें निम्मी वाट काटली असें म्हणावयास हरकत नाहीं.

उरलेली निम्मी वाट त्यांच्या दुसऱ्या पुस्तकानें काटावयास हवी होती. २०१५ च्या उन्हाळ्यांत जुरेक यांनीं अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाशियन पर्वतांतील सुमारें २,१८९ मैलांची पायवाट ४६ दिवस, ८ तास व ७ मिनिटांत पार केली. शंभर मैलांची शर्यत एकामागून एक अशी जवळजवळ बावीस वेळां धांवावी, असा हा प्रकार. या सर्व काळांत त्यांची पत्नी जेनी गाडी घेऊन डोंगराच्या पायथ्यापायथ्यानें त्यांना गांठीत होती. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थ' या पुस्तकांत या धांवेची हकीगत आहे, आणि तिचें वैशिष्ट्य असें, कीं पतीच्या प्रकरणांशेजारीं पत्नीचीं प्रकरणें दिलेलीं आहेत.

हीं दोन प्रकारचीं प्रकरणें शेजारीं ठेवून वाचलीं, कीं एक गोष्ट ध्यानांत येते. पतीचीं प्रकरणें शौर्याचीं आहेत. गुडघा दुखतो, पाऊस पडतो, तो पुढें जातो. वाचकाला त्याच्याविषयीं आदर वाटतो, पण उत्कंठा फारशी वाटत नाहीं. कारण पुढें जाणें याखेरीज त्याला दुसरें कांहीं करावयाचेंच नसतें. पत्नीला मात्र क्षणोक्षणीं निर्णय घ्यावे लागतात. नकाशांत नीट न दाखविलेला रस्ता शोधावयाचा, ठरल्या वेळीं तो आला नाहीं तर आणखी किती वेळ थांबावयाचें, आणि आला तर त्याला बसूं द्यावयाचें कीं हांकलावयाचें! त्याच सुमारास गर्भपाताचें दुःख तिनें सोसलेलें असतें. तेंहि बरोबर घेऊन ती गाडी चालवीत असते. नाट्य म्हणून ज्याला म्हणतात, तें या पुस्तकांत डोंगरावर नसून पायथ्याशीं उभ्या असलेल्या त्या गाडींत आहे. आणि तरीहि पुस्तकाच्या उपशीर्षकांत 'माझी वाट सांपडतांना' अशा अर्थाचे एकवचनी शब्द आहेत! वाट जिनें गाडीनें शोधली, तिचीं प्रकरणें पुस्तकांत आलीं. शीर्षकांत मात्र ती आली नाहीं. माझ्या मतें हा केवळ नांवाचा प्रश्न नाहीं. तिचें स्वतःचें दुःख कथेंत डोकावतें आणि पतीची पावलें ऐकूं येतांच बाजूला होतें. लेखकानें दार उघडलें, पण पाहुणीला ओसरीवरच बसविलें, असें वाटून मन खट्टू होतें.

कोणी म्हणेल, 'यातना धांवणारा सोसतो. पाणी देणाराला एवढें महत्त्व कशाला?' या आक्षेपाला उत्तर शरीरशास्त्रच देतें. इतक्या लांब धांवेंत घामावाटे मीठ जातें, आणि बेसुमार पाणी प्याल्यानें रक्तांतील क्षार विरल होऊन माणूस बेशुद्ध पडूं शकतो. स्नायूंची झीज मूत्रपिंडावर येते. झोंप न मिळाल्यानें दगडांचीं माणसें आणि झाडांचीं घरें दिसूं लागतात. म्हणजे ज्या वेळीं विवेकाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वेळीं धांवणाराचा विवेक त्याला सोडून जातो. तो त्या रात्रीपुरता दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यांत ठेवावा लागतो. २२ मे २०२१ रोजीं चीनच्या गान्सू प्रांतांत १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतींत अकस्मात् वादळ व गारठा येऊन २१ धांवपटू दगावले. जेथें वाहन पोंचूं शकत नव्हतें, अशा उंचवट्यावर हें घडलें. त्या दिवशीं झू केमिंग नांवाचा एक मेंढपाळ तेथील गुहेंत आसऱ्याला बसला होता. त्यानें शेकोटी पेटवून सहा जणांना वांचविलें. सहा जण जगले, ते कोणी एक माणूस थांबलेला होता म्हणून.

या निर्णयाचें ओझें काय असतें, याचा थोडासा अनुभव मलाहि आहे. एका डोंगरी शर्यतींत रात्रीं दोनच्या सुमारास मी पुतण्याची वाट पाहत चहाचा थर्मास घेऊन बसलों होतों. तो आला तेव्हां त्याचे ओठ निळसर झाले होते आणि बोलणें तुटत होतें. मला दोनच वाक्यें सुचत होतीं : 'ऊठ, थोडेंच राहिलें आहे', आणि 'चल, घरीं जाऊं'. मी पहिलें बोललों. त्यानें शर्यत पुरी केली, लोकांनीं टाळ्या वाजविल्या, आणि पुढचे तीन दिवस तो अंथरुणाला खिळला. वहिनींनीं मला एवढेंच विचारलें, 'भावजी, तो नको म्हणाला असता, तर तुम्ही त्याला बसूं दिलें असतें का?' या प्रश्नाचें उत्तर मला अजून देतां आलेलें नाहीं. धांवण्यावरील पुस्तकांत मी तेव्हांपासून हाच प्रश्न शोधतों, आणि तो क्वचितच सांपडतो.

नवलाची गोष्ट ही, कीं ज्या कथेच्या वाटेवर आपले तरुण सराव करतात, तिच्यांत तो तीनशें वर्षांपूर्वींच सांपडतो. १२ जुलै १६६० च्या रात्रीं सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून शिवाजी महाराजांची पालखी पन्हाळ्याहून निघाली. शिवा काशीद शत्रूला फसविण्यासाठीं मागें राहिला आणि प्राणास मुकला. घोडखिंडींत बाजीप्रभु आणि बांदलांचे मावळे थांबले. महाराज विशाळगडीं पोंचल्याच्या तोफा ऐकूं येईपर्यंत खिंड सोडावयाची नाहीं, असा तो करार होता. साहित्याच्या दृष्टीनें या कथेची रचना पाहा. पोंचणारा स्वतः राजा आहे, तरी कथेचा मुकुट तिनें थांबणाराच्या मस्तकीं ठेवला आहे. खिंडीचें नांवहि त्याच्या रक्तानें पावन झालें म्हणून पालटलें. आजच्या शर्यतींत पायथ्याशीं बसलेलीं माणसें धांवणाराच्या बातमीकडे कान लावून बसतात, आणि बातमी आली कीं त्यांची गोष्ट संपते. तोफेकडे कान लावलेल्या माणसाची गोष्ट हीच मुख्य गोष्ट, असें मानणारी कथा आमच्या घरांत असतां आम्ही परक्या पुस्तकांतील एकवचनावर कां भुलावें?

तरी स्वतःची पाठ थोपटून घेण्याचें कारण नाहीं. पालखी खांद्यावर घेऊन रात्रभर धांवलेल्या भोयांचीं नांवें आपण जपलीं नाहींत, आणि बाजींच्या घरीं त्या रात्रीं कोण जागें होतें, हें आमचे शाहीर क्वचितच विचारतात. खुद्द कोल्हापुरांतील उदाहरण घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक पदक. त्यांना तेथवर पाठविण्यासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट आपण भाषणांत अभिमानानें सांगतों. पण घर गहाण पडलें त्या दिवशीं त्या घरांतील माणसें एकमेकांशीं काय बोललीं असतील, हें लिहावेंसें आपल्या किती कथाकारांना वाटलें?

या दृष्टीनें २०२० सालचा 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो. बारामतीच्या शर्यतींत पतीच्या उपचाराच्या पैशांसाठीं लुगडें नेसून अनवाणी धांवलेल्या या वृद्ध स्त्रीनें त्यांत स्वतःचीच भूमिका केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. अंतर शंभर मैलांचें नव्हतें. तें अवघ्या तीन किलोमीटरांचें होतें. परंतु येथें कुटुंब धांवणाराच्या पाठीशीं उभें नसून धांवच कुटुंबाच्या पाठीशीं उभी आहे. चित्रपटाचें नांवहि पाहा : पत्नीच्या नांवांत पतीचें नांव गुंफलेलें. मराठी रीतीचें साधें पूर्ण नांव तें. पण इंग्रजी पुस्तकाच्या उपशीर्षकाला जें साधलें नाहीं, तें त्यानें सहज साधलें.

शंभर मैल धांवणाऱ्या मराठी तरुणांची संख्या वाढेल आणि लवकरच त्यांचीं आत्मवृत्तेंहि येतील, यांत शंका नाहीं. तीं यावींत, त्यांतील शौर्याचें मी मनापासून स्वागत करीन. माझी विनंति एवढीच, कीं त्यांतील निदान एक तरी पुस्तक धांवणारानें लिहूं नये. तें त्याच्या आईनें, पत्नीनें, किंवा खिंडीच्या तोंडाशीं थर्मास घेऊन बसलेल्या एखाद्या काकानें लिहावें. 'ऊठ' म्हणावें कीं 'घरीं चल' म्हणावें, हें ज्याला अंधारांत ठरवावें लागलें, त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं असतें. आणि तें सांगतांना आपण चुकलों असूं, ही शंका त्यानें लपवूं नये.