संवाहकाचा हात

फ्रेडरिक लेबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाचे ‘शांतला’ हे पुस्तक १९७६ साली आले. त्याआधी दोन वर्षे, हिंसेविना जन्म कसा व्हावा हे सांगणाऱ्या पुस्तकाने लेबॉये गाजले होते. ‘शांतला’त कलकत्त्यातली एक आई जमिनीवर पाय लांब करून बसली आहे, बाळ तिच्या पायांवर आहे आणि ती त्याला तेल लावते आहे. छायाचित्रामागून छायाचित्र, मध्ये लेबॉयेंचा कवितेसारखा तुटक मजकूर. छाती, हात, पोट, पाय, पाठ आणि मग चेहरा. आपण ज्याला न्हाऊ-माखू घालणे म्हणतो, त्यातले हे ‘माखणे’. ‘सचेत स्पर्श’ वगैरे शब्द आता शिबिरांच्या पत्रकांवर दिसतात, पण हात आणि लक्ष एकाच ठिकाणी असणे म्हणजे काय, हे या छायाचित्रांत जितके दिसते तितके पत्रकांत नाही. पुस्तक चांगलेच आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

शांतला हे त्या आईचे नाव. इंग्रजी आवृत्तीला ‘लव्हिंग हँड्स’ असे नाव मिळाले. मुखपृष्ठावर हात राहिले, ते कोणाचे हे गेले. ब्राझीलमध्ये उलटे झाले. तिथे ‘शांताला’ म्हणजे बाळाचे मालीश, असे सामान्यनामच झाले आणि २०१७ साली ते तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या पूरक उपचारांच्या सरकारी यादीत दाखल झाले. एका बाईचे नाव राजपत्रात पोचले आणि बाई मागे राहिली. पुस्तकात बोलतात ते लेबॉये.

विज्ञानानेही पाहिले ते बाळाकडेच. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे मालीश केले. त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढले. बाळे होती अवघी चाळीस, त्यातली मालीश झालेली वीस, हे मात्र सांगितले जात नाही. २००४ च्या कोक्रेन आढाव्याने अशा प्रयोगांच्या पद्धतीवर शंका घेतली आणि रुग्णालयांनी सरसकट मालीश सुरू करावे इतका पुरावा नाही, असे म्हटले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २००५ साली खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वजनाला खोबरेल मानवले. ग्रॅम, मिनिटे, तेल. चोळणारा हात निष्कर्षात येत नाही. तो मोजपट्टीचा भाग होतो.

आपली परंपरा याहून शहाणी होती असे लगेच म्हणवत नाही. चरकसंहितेतली अभ्यंगाची प्रसिद्ध उपमा घ्या: तेलाने जसा घडा, जसे कातडे, जसा गाडीचा आस टिकाऊ होतो, तसे शरीर. उपमा देखणी आहे. तिच्यात तेल आहे, वस्तू आहे, चोळणारा नाही. दहा अध्याय पुढे, रुग्णासाठी घर कसे सिद्ध करावे हे सांगताना मात्र नोकरांच्या यादीत स्वयंपाकी, न्हाऊ घालणारा यांच्याबरोबर संवाहकही येतो. संवाहक म्हणजे अंग रगडणारा. उपचार उपमेत आणि माणूस सामानाच्या यादीत, ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माझ्या वाचनात ही वाटणी मोडली ती शूद्रकाने. देवलांच्या नाटकामुळे ‘मृच्छकटिक’ म्हटले की आपल्याला चारुदत्त-वसंतसेना आठवतात. मूळ नाटकात संवाहक हे एक अख्खे पात्र आहे. पाटलिपुत्राचा हा माणूस उज्जयिनीत चारुदत्ताचे अंग रगडत असे. धनी दरिद्री झाल्यावर जुगाराला लागला. दहा सुवर्ण हरून तो वसंतसेनेच्या घरात शिरतो. तू फार नाजूक कला शिकलास, असे ती म्हणते. तो सांगतो की शिकलो तेव्हा ती कला होती, आता पोट भरण्याचे साधन झाली आहे. स्पर्शाविषयी इतके खरे वाक्य मला लेबॉयेंच्या सबंध पुस्तकात सापडले नाही.

शूद्रक इथे थांबत नाही. वसंतसेना कर्ज फेडते, संवाहक भिक्षू होतो. आठव्या अंकात शकाराने गळा दाबून पाचोळ्याखाली टाकलेली वसंतसेना त्यालाच सापडते. तो ओल्या चीवराचे पाणी तिच्यावर पिळतो, वारा घालतो. पण उठवायचे कसे? भिक्षूने स्त्रीला हात लावायचा नाही. तो झाडाजवळची वेल वाकवतो आणि तिला धरून उठायला सांगतो. ज्याचा हात हीच ज्याची विद्या, त्याला नेमक्या त्या क्षणी हात मागे ठेवावा लागतो. इथे हसावे की गलबलावे हे नाटककाराने आपल्यावर सोडले आहे.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईवर असे पात्र कोणी लिहायला हवे होते. कित्येक घरांत चाळीस दिवस तिचा हात बाळाच्या टाळूवर चालला आणि चहा मात्र वेगळ्या कपातून मिळाला. स्पर्शाचे गुण गाणारे साहित्य या कपाबद्दल बोलत नाही. तिचे सारेच डोळे झाकून घ्यावे असेही नाही: नाकाकानांत तेल सोडणे डॉक्टर बंद करायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण दाब कुठे द्यायचा आणि कुठे नुसता तळवा फिरवायचा, हे तिने कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही. या कामातल्या ज्या बायकांशी मी बोललो, त्यांपैकी एकीला विचारले की बाळाला किती जोर लावायचा हे कसे कळते. ती म्हणाली, बाळ रडायच्या आधी पायाची बोटे आवळते, मी बोटांकडे बघत असते.