संगणकनिर्मित पात्र आणि नजरेचे व्याकरण

फैजपूरकडील केळीच्या बागेत एखाद्या विद्यार्थ्याने लघुपट चित्रित करावा आणि त्यात संगणकावर घडविलेले पात्र जिवंत नटांबरोबर वावरावे, ही गोष्ट आता दुर्घट राहिलेली नाही. अशा प्रयत्नांची चर्चा मात्र बहुधा प्रकाशापाशीच थांबते. ती निरर्थक नव्हे. पानांतून झिरपणारे कवडसे पात्राच्या अंगावर उमटले नाहीत किंवा पायांखाली सावली पडली नाही, तर ते चित्रावर चिकटविल्यासारखे भासते. म्हणूनच चित्रीकरणस्थळी चकचकीत गोळा ठेवून तेथील प्रकाशाची नोंद घेतात. तथापि (छायालेखकांनी क्षमा करावी) खरा सांधा उसवतो तो संवादात. ‘हा’, ‘तो’, ‘इकडे’ या दर्शक शब्दांना अर्थ येतो तो बोलणाऱ्याच्या दृष्टीमुळे. समोर कोणीच नसता नट बोलू लागला, की नजर पात्राच्या पलीकडे जाते. मुखाने ‘हा’ म्हटले तरी डोळे ‘तो’ म्हणतात.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला. त्याच्या हालचाली ओबडधोबड आहेत. परंतु तो प्रत्यक्ष समोर असल्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे यांची भीती नेमकी त्याच्यावरच खिळते. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) या चित्रपटाच्या तालमींत रेखाटावयाच्या पात्रांच्या जागी रबरी प्रतिकृती ठेवल्या होत्या, त्या याच कारणाने. आमच्या विद्यार्थ्यास पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर काठीला बांधलेला चेंडू पुरे. मात्र कॅमेऱ्याबाहेरून पात्राचे संवाद लेवा गणबोलीत बोलणारा एक मित्र अवश्य हवा. मागाहून प्रमाण मराठीत भरलेला आवाज नटाच्या विरामांत बसत नाही.