मुखपृष्ठावरचे उसने चित्र
कर्जत-खालापूरकडच्या लोकगीतांचा सूर घेऊन आलेल्या कवितासंग्रहाला मुखपृष्ठ कोणते द्यावे? चटकन हाताशी येते ते वारली चित्र. आम्हांला ते खटकते. ती कला डहाणू-जव्हारकडची. जिव्या सोमा म्हसे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. इथल्या वाड्या ठाकर-कातकऱ्यांच्या. आदिवासी म्हणजे वारली, हे समीकरण मुसलमान म्हणजे उर्दू या समीकरणासारखेच. त्याचा सल मराठी बोलणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तीही ठाकरांचीच. ज्यांची घरे गेली, त्यांची ओळख तरी पुस्तकाने पुसू नये. गाणे ज्यांचे, चित्रही त्यांच्याच हातचे मागावे, मोबदला द्यावा आणि चित्रकाराचे नाव छापावे.