मेराजकथेचें मर्म

धर्मग्रंथांतील अद्भुतकथांचें परीक्षण करूं लागलें कीं टीकाकारापुढें दोन मोह उभे राहतात. एक, अद्भुत तेवढें गाळून इतिहासाचे कण वेंचण्याचा. दुसरा, अद्भुताला सरसकट रूपक ठरवून सोयीस्कर अर्थ लावण्याचा. पैगंबर महंमदांच्या रात्रियात्रेची कथा या दोन्ही मोहांना वारंवार बळी पडली आहे. परंतु ती जशी सांगितली गेली तशीच वाचली, तर तिचा भर कोठें आहे हें तिच्या रचनेवरूनच कळतें. आणि तो भर, आमच्या मतें, स्वर्गारोहणावर नसून परतण्यावर आहे.

कुराणांतील उल्लेख अगदीं त्रोटक आहे. सतराव्या अध्यायाच्या पहिल्याच आयतींत ईश्वरानें आपल्या दासाला एका रात्रीं पवित्र मशिदीपासून दूरच्या मशिदीपर्यंत नेलें, एवढेंच सांगितलें आहे. त्रेपन्नाव्या अध्यायाच्या आरंभीं सीमेवरील बोरीच्या वृक्षाजवळील दर्शनाचें वर्णन येतें, तेंही मोठ्या संयमानें. मक्केहून जेरुसलेमपर्यंतचा प्रवास तो ‘इस्रा’ आणि तेथून सात आकाशांपलीकडचें आरोहण तो ‘मेराज’, हा पुढील विस्तार मुख्यतः हदीस-संग्रहांतून आणि इब्न इसहाकच्या पैगंबरचरित्रांतून आलेला आहे. बुराक नांवाचें वाहन, जिब्रीलची सोबत, पहिल्या आकाशांत आदम, सहाव्यांत मूसा, सातव्यांत इब्राहीम अशा पूर्वसूरींच्या भेटी, हा सारा तपशील तेथें आहे.

आतां या कथेचा उत्तरार्ध पाहावा. वर पन्नास वेळांच्या नमाजाची आज्ञा होते. परततांना मूसा भेटतात आणि विचारतात, हें ओझें तुमच्या लोकांना पेलेल काय? स्वतःच्या लोकांचा अनुभव त्यांच्या गांठीं आहे. महंमद पुन्हां वर जातात, सूट मागतात, खालीं येतात. मूसा पुन्हां परत पाठवितात. असें होतां होतां संख्या पांचावर येते, आणि आणखी मागण्याची आतां लाज वाटते असें सांगून महंमद थांबतात. पुण्य मात्र पन्नासांचेंच मिळणार असतें. सात आकाशें ओलांडणाऱ्या कथेनें ही इतकी घरगुती घासाघीस आपल्या ऐन मध्यावर ठेवावी, हें सहज घडलेलें नाहीं. ईश्वराच्या सान्निध्यांतही या प्रवाशाच्या मनांत खालचीं दुबळीं माणसें आहेत. त्या दर्शनांतून तो त्यांच्याकरितां जें आणतो तें रहस्यज्ञान नव्हे. तें रोज आचरतां येईल असें एक व्रत आहे.

यापुढील प्रसंग तर अधिकच मार्मिक आहे. सकाळीं ही हकीकत लोकांस सांगूं नये, ते खोटें ठरवितील, असें उम्म हानी या आप्त स्त्रीनें विनविलें असतांही महंमद ती सांगतात. तो काळ त्यांना अनुकूल नव्हता. 619 च्या सुमारास पत्नी खदीजा आणि पाठीराखे चुलते अबू तालिब हे दोघेही निवर्तले होते. कुरैश हंसले, इब्न इसहाक तर सांगतो कीं विश्वास ठेवलेल्यांपैकींही कित्येक फिरले. अबू बक्र मात्र म्हणाले कीं, त्यांनीं सांगितलें असेल तर तें खरेंच. त्यांनीं स्वतः कांहींच पाहिलें नव्हतें. परंपरेनें त्यांना ‘सिद्दीक’ ही पदवी जोडली ती या प्रसंगावरून. म्हणजे श्रद्धेची कसोटी कथेनें पाहणाऱ्याची घेतलेली नाहीं. ऐकणाऱ्याची घेतली आहे. हा प्रवास देहानें झाला कीं केवळ आत्म्यानें, हा वाद फार जुना आहे. बहुसंख्य विद्वान् पहिला पक्ष घेतात; दुसरा पक्ष आयेशांच्या नांवावर इब्न इसहाकनेंच नोंदविला आहे. पण कोणताही पक्ष घेतला तरी ऐकणाऱ्यापुढील प्रश्न सुटत नाहीं.

पुढील कवी व चित्रकार आरोहणाच्या वैभवानेंच अधिक मोहित झाले. 1539 ते 1543 या काळांत शाह तहमास्पसाठीं तयार झालेल्या निजामीच्या ‘खम्सा’च्या प्रतींत सुलतान महंमदानें रंगविलेलें मेराजचित्र अप्रतिम आहे, ज्वाला, मेघ आणि देवदूत यांच्या मध्यें बुरख्याआडचा चेहरा. पण त्यांत मक्का परतून येत नाहीं. परतण्याचें मोल ओळखलें तें इकबाल यांनीं. 1930 सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनीं अब्दुल कुद्दूस गंगोही या सूफीचे उद्गार आधाराला घेतले आहेत. त्यांचा आशय असा कीं, पैगंबर तेथें जाऊन परत आले, मी गेलों असतों तर कधींच परतलों नसतों. साधक आणि पैगंबर यांतील भेद इकबाल यावरूनच मांडतात. त्यांच्या ‘जावीदनामा’ (1932) काव्यांत रूमीच्या सोबतीनें आकाशांचा प्रवास आहे. त्यांत विश्वामित्र व भर्तृहरीही भेटतात. परंतु भेटणारीं माणसें बहुधा व्याख्यानेंच देतात, हा त्या काव्याचा दोष मानावा लागेल. तथापि शेवटीं कवि नव्या पिढीकडे वळून बोलूं लागतो, तेव्हां मूळ कथेचें मर्म त्याच्या हातीं लागलें आहे हें निःसंशय.

तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा जपणाऱ्या मराठी वाचकाला गंगोहींचे उद्गार परके वाटणार नाहींत. तेथून परत कोण येईल, असेंच त्याचें मनही म्हणेल. मेराजकथा मात्र प्रवाशाला परत आणते आणि हंसणाऱ्या लोकांपुढें उभा करते. तिच्यावर विश्वास ठेवणें न ठेवणें हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु तो प्रश्न वाचकापुढें इतक्या उघडपणें ठेवणारी कथा धर्मवाङ्मयांत विरळाच.